वजाची रेघ

“चष्मा दिला तरी घालत नाही. सगळं नाटक आहे. डोळे चांगले आहेत असं तुम्ही लिहून द्या, म्हणजे मुख्याध्यापक तिला घरी पाठवतील.”

आश्रमशाळेच्या अधीक्षिका शहाद्याच्या आमच्या रुग्णालयात बसून हे सांगत होत्या. शेजारी नववीतली सुनीता उभी होती, चष्मा मुठीत. तिचे घर सातपुड्यातल्या पाड्यावर. एकदा परत गेली की शिक्षण संपले.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळ्यांचा नंबर काढते. सुनीताला दोन्ही डोळ्यांसाठी उणे दोन मीच लिहून दिले होते.

“का घालत नाहीस?”

“घातला की फळा पूर्ण जातो, मॅडम.”

मी चष्मा भिंतीवरच्या तक्त्यासमोर धरून डावीकडे सरकवला. उणे भिंगातून पाहिले तर अक्षरे भिंगाबरोबर सरकतात, अधिक भिंगातून उलट. ही अक्षरे उजवीकडे गेली, म्हणजे भिंग अधिकचे होते.

थोडा खुलासा करते. किरण जिथे मिळतात त्या बिंदूचे अंतर भिंगाच्या मध्यापासून मोजायचे. प्रकाश जातो त्या दिशेचे अधिक, उलट दिशेचे उणे. बहिर्गोल भिंग किरणांना पुढे एकत्र आणते, म्हणून त्याचा नंबर अधिक. अंतर्गोल भिंग किरण फाकवते. ते मागच्या एका बिंदूतून निघाल्यासारखे भासतात, म्हणून उणे. चिन्ह बदलले की भिंगच बदलते.

मी चष्म्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो अहिराणी बोलतो, त्यात ‘शे’ म्हणजे ‘आहे’.

“मॅडम, आकडा तर दोनच शे ना. मी कारखान्याले दोन नंबरच सांगं.”

“उणे सांगितलंत?”

“त्या बारीक रेघमा काय शे? पोरगीले चार दिनमा सवय व्हई जाई.”

आमच्याकडे ‘किती नंबर?’ म्हटले की आकडाच सांगतात. चिन्ह नसलेली संख्या धन मानावी, हा नियम कारखान्याने चोख पाळला. पण मला खरी चीड आली ती शाळेची. मुलगी रोज सांगत होती. तिला खोटे ठरवणे सर्वांना सोपे वाटले.

“बाई, हा चष्मा घाला आणि तक्ता वाचा.”

त्या वरची ओळ वाचून थांबल्या. “पुढचं अंधूक आहे.”

“तुम्हाला तर नंबर नाही. तिला याच्या दुप्पट अंधूक दिसत होतं. आणि तुम्ही तिला नाटकी म्हणत होतात.”

त्यांनी चष्मा काढला. मी शेरा लिहिला: डोळे अधू, चष्मा चुकीचा, विद्यार्थिनी खरे बोलते. शेवटचे तीन शब्द वैद्यकीय नाहीत, तरी ठेवले.

दुकानदाराने भिंगे बदलून दिली. सुनीता शाळेत राहिली. मुख्याध्यापकांनी फोनवर मला ऐकवले, “किरकोळ चूक होती, मॅडम. आकडा तर बरोबर होता.”

अधिक दोन आणि उणे दोन यांत चारचा फरक असतो. हे त्यांच्याच शाळेत सहावीला शिकवतात.