खिडकीकाकांच्या घरची बातमी

वर्तमानपत्राच्या कचेरीत तळमजल्यावर निधनवार्ता घ्यायची एक खिडकी होती. तिच्यामागे अठ्ठावीस वर्षं एकच माणूस बसत आला, म्हणून त्यांचं नाव खिडकीकाका पडलं. लोक डोळे पुसत यायचे आणि ऐन वेळी गेलेल्या माणसाचं खरं नावच त्यांना आठवायचं नाही. "आम्ही अण्णाच म्हणायचो हो!" काका पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचे आणि थांबायचे.

मग मालकांनी पेपर, रेडिओ आणि टीव्ही चॅनेल एकत्र केलं आणि सगळ्याचं मिळून एक ॲप झालं. छापील पानावरून निधनवार्ता गेल्या. खिडकी काढून तिथे दोन स्क्रीन लावले. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांना तो दाखवायचा, एवढंच काकांचं काम उरलं. तशी माणसंही फारशी फिरकत नसत.

त्याच वर्षी काकांचे थोरले बंधू वारले. दादा शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. काकांची बायको गेल्यापासून दोघे भाऊ एकत्रच राहायचे.

तिसऱ्या दिवशी काका कामावर गेले आणि त्यांनी स्वतःच फॉर्म भरला. नात्यांच्या यादीत 'भाऊ' शोधला. मजकूर चाळीस शब्दांत बसवायचा होता. त्यांनी बत्तिसात बसवला. बटण दाबलं. आता भरून येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी डबा खाल्ला.

दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीचा फोन आला. "बाबा, दोनशे बारा जणांनी बघितलंय."

"कोणी कोणी?"

"तसं नाही कळत. आकडा कळतो फक्त."

घरी मात्र कोणीच आलं नाही.

दीड आठवड्याने दुपारी बेल वाजली. दारात दादांचे बुद्धिबळातले जोडीदार, निवृत्त बसचालक उभे.

"दोन गुरुवार वाचनालयात आला नाही तुमचा दादा. रुसलाय की काय? मागच्या डावात जरा जास्तच हसलो मी त्याला."

"दादा गेला," काका म्हणाले.

"कुठे?"

काकांनी दार पूर्ण उघडलं. चालक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग चपला काढायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"पेपर तर रोज वाचतो मी. अथपासून इतिपर्यंत."

"पेपरात नाही येत आता. फोनवर येतं."

"माझा फोन नुसता बोलायचा आहे हो."

चालक गेल्यावर काकांनी दादांची नंबरांची वही काढली आणि पहिल्या पानापासून फोन लावत गेले. कित्येक नंबर बंद होते. शाळेचे जुने शिपाई लागले, त्यांनी विचारलं, "शेवटी काही बोलले का सर?"

"पंखा कमी कर म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

रविवारी चौघे आले. दादांच्या रागाचे किस्से निघाले, शिपाई तर हसता हसता रडले. काका सगळ्यांना चहा देत राहिले.

संध्याकाळी मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, लोक आल्यावर जरा बरं वाटलं का?"

"काही कळत नाही गं," काका म्हणाले. "आले, बसले, गेले."