वैशाखऱ्यातली सावड

मुरबाडच्या स्टँडवरून माळशेजकडे जाणारी एसटी सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत एका पोर्तुगीज कादंबरीच्या माझ्याच मराठी अनुवादाची चळत होती. शेजारी विनायक, माझा मावसभाऊ, तोंड पाडून बसला होता. नव्वदच्या दशकातला तो आषाढ आजही आठवला की जीव हुरहुरतो.

कादंबरी आफ्रिकेतली. एका पोर्तुगीज अंमलदाराचा मुलगा, बापाने जिथे लोकांना चाबकाखाली राबवलं त्या गावी जातो आणि एका म्हाताऱ्याचे पाय धरतो. म्हातारा क्षमा करतो, मुलगा लिस्बनला परततो. शेवट वाचून मी रडले होते. विनायकची मात्र झोप उडाली. त्याचे आजोबा इंग्रजी अमदानीत वैशाखऱ्याच्या रानात रेंजर होते आणि तिथल्या ठाकर आदिवासींकडून वेठ (सक्तीचं फुकट काम) घेत. घरात हे फुशारकीने सांगितलं जाई. आता विनायकलाही माफी मागायची होती.

वैशाखऱ्याला उतरलो. हिरवी खाचरं, डोंगरावर धुकं. विचारत विचारत बुधाबाबांचं घर गाठलं. त्यांच्या वडिलांनी ती वेठ केली होती. बाबा आवणीला (भातलावणीला) निघाले होते. विनायकने पाठ केलेलं भाषण सुरू केलं आणि तो वाकला.

"पाया नका पडू," बाबा म्हणाले. "आमच्यात सावड असते. आज मी तुमच्या शेतात राबायचं, उंद्या तुमी माज्या. तुमच्या आज्यानं आमचे दिस घेतले, परत दिले नाय. चला खाचरात."

घरी कधी बादलीही न उचललेला विनायक गुडघाभर चिखलात उतरला. बाबांची सून मागून येऊन त्याची निम्मी रोपं पुन्हा लावत होती. "भाऊ, मागं मागं सरका," ती हसत म्हणाली. "लावलेलंच तुडवताय तुमी." दुपारी बांधावर तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली. तशी चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

संध्याकाळी पाय धुऊन विनायकने विचारलं, "बाबा, माफ केलंत ना?"

"एक दिस झाला," बाबा म्हणाले. "उंद्या ये."

मी एकटीच परतले. विनायक राहिला, आणि पुढे दर आवणीला जात राहिला. कादंबरी छापून झाली. तिचा शेवट बदलणं अनुवादकाच्या हातात नसतं, पण मला तो आता खोटा वाटतो.

काही वर्षांनी बुधाबाबा गेल्याचा निरोप आला. विनायक म्हणाला, "ताई, अजून किती दिवस राहिले, हे आता कुणाला विचारू?"