मागाखाली वाढलेला कुत्रा

कुठला कुत्रा घ्यावा, हे मला विचारायला येणाऱ्यांनी तो आधीच घेतलेला असतो. सोलापुरात उन्हाळ्यात अंगाची लाही लाही होते, आणि इथे लोक बर्फातला केसाळ कुत्रा आणून तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली ठेवतात. मग मला फोन. "सर, तो सारखा बाथरूममध्येच झोपतो." झोपेल नाहीतर काय करेल बिचारा! मी चिडतो. चिडून झालं की गाडी काढतो आणि जातो. या शहरात कुत्री शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि माझं म्हणणं साधं आहे. आधी आपलं घर बघा, घरात दिवसभर कोण असतं ते बघा, मग कुत्रा बघा. पाणी सावलीत ठेवा. डांबर तापायच्या आत फिरवून आणा. लाडानं शेंगाचटणी खाऊ घालू नका.

आणि हात मागे बांधा. हा माझा खास नियम. आपल्याकडे कुत्रा दिसला की माणूस खाली वाकून दगड उचलल्यासारखं करतो. दगड नसला तरी करतो. त्यामुळे हात हलला की निम्मी कुत्री बिचकतात आणि उरलेली बिस्कीट शोधतात. म्हणून मी मालकांना सांगतो, हात मागे, शब्द एकच, आवाज एकसारखा. नवीन घरात गेलो की मी स्वतः शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा राहतो. शहराच्या पूर्व भागातल्या एका घरातही तसाच उभा राहिलो होतो. तिथे मी नेमकं काय शिकवलं आणि कुणाला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

घर तेलुगू विणकरांचं होतं. पुढे राहायची खोली, मधे अंगण, मागे पत्र्याचा कारखाना. कारखान्यातले माग वर्षभरापूर्वी विकले गेले होते आणि मुलगा आता एमआयडीसीत दुसऱ्याच्या टॉवेल कारखान्यात कामाला जात होता. सून पुढच्या खोलीच्या अंगणाकडच्या दारात बसून विड्या वळायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. सासरे अंगणात खाटेवर. आणि खाटेखाली तो कुत्रा, तपकिरी, गावठी, एक कान मोडलेला.

"मास्तर, हा बहिरा हाय का ते तेवढं सांगा," सून म्हणाली. तिची बोटं पान गुंडाळतच होती. "कितीबी हाका मारा, ढिम्म हलत न्हाय. परवा रिक्षाखाली जात होता. मी हितनं बोंबलून बोंबलून थकले. बहिरा असंल तर ठेवून काय करू? टेंभुर्णीला आमच्या टेम्पोवाल्याचं गोदाम हाय, त्याला राखणीला कुत्रा पायजे. शनिवारी यायचाय तो."

म्हणजे शनिवारपर्यंत मला काहीतरी करून दाखवायचं होतं. नाहीतर हा प्राणी हायवेच्या कडेला साखळीला.

मी खाटेकडे पाहिलं. हे सगळं म्हाताऱ्यांच्या समोरच चाललं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"त्यांचं काय म्हणणं आहे?"

"मामांचं? त्यांचंबी तसंच. जेवायला या म्हणून हाका मारून घसा बसतो माझा. कान मंद हायत थोडे, पण नको तेव्हा बरोबर कळतंय त्यांना. शेजारची दारात येऊन उभी राहिली की लगेच मान वर." तिनं विडीच्या दोऱ्याला गाठ मारून तो तोडला. "रुसतात. माग विकल्यापासनं रुसलेत."

मी कामाला लागलो. कुत्र्याच्या पाठीमागे स्टीलची ताटली पाडली, तर त्याचे कान, मोडलेलासुद्धा, ताडकन फिरले. म्हणजे बहिरा नव्हता. मग हात मागे बांधून म्हणालो, "ये." तो माझ्याकडे बघत राहिला. "बस." बघत राहिला. मराठीत झालं, हिंदीत झालं, सुनेला विचारून तेलुगूत "रा, रा" म्हणून झालं. तो मला वळसा घालून माझ्या पाठीमागे गेला, माझे बांधलेले हात हुंगले आणि पुन्हा खाटेखाली जाऊन बसला. बिस्किटाच्या वासानं गेला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा पाळी बदलून घरी होता. तो तर माझ्यावरच उखडला. "कोण म्हणतंय ऐकत न्हाय? मी बोलावलं की येतो की!" आणि अंगणात उभं राहून त्यानं "ये रे" म्हटलं, तर कुत्रा खरोखर उठून आला. सुनेनं तोंड वाकडं केलं. मी मान खाली घातली. मग तिनं हाक मारली तर ढिम्म. आता याला काय म्हणायचं? एक म्हणते बहिरा, दुसरा म्हणतो शहाणा, आणि कुत्रा दोघांनाही खरं ठरवत होता.

रात्री मी बायकोला म्हणालो, त्याला तंबाखूचा वास सहन होत नसावा, म्हणून तो तिच्याकडे जात नाही. बायको म्हणाली, मग तिच्या सुपाशेजारीच ताटली असते ना त्याची? तेही खरं होतं. मला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं लोकांना छाती ठोकून सांगत आलो, की वाईट कुत्रा नसतो, कच्चा मालक असतो. आणि आता मनातल्या मनात मी त्या कुत्र्याला मठ्ठ म्हणायला लागलो होतो. शुक्रवार असाच गेला. त्यानं फक्त माझ्या खांद्यांकडे आणि कोपरांकडे बघून घेतलं, काहीतरी हरवल्यासारखं.

शनिवारी सकाळी मी हात टेकले. सुनेनं चहा दिला. कप आणि बशी दोन्ही धरलेली असल्यामुळे माझं शिकवणं थांबलं होतं, आणि कुत्रा अंगणाच्या मधोमध पसरला होता. म्हातारे उठून मागच्या कारखान्यात गेले होते. तिथे आता काही नव्हतं. जिथे माग रोवलेले होते तिथे फरशीवर तेलाचे काळे चौकोन, आणि भिंतीवर चिकटलेली सुताची लव. ते रोज एकदा तिथे जाऊन उभे राहायचे.

मग ते कारखान्याच्या दारात आले. तोंडातून एक शब्द नाही. उजवा हात कमरेइतका उचलला आणि चार बोटं दोनदा स्वतःकडे मिटली. कुत्रा बाण सुटल्यासारखा गेला. त्यांनी पंजा पालथा केला. कुत्रा बसला. त्यांनी बोट खाटेकडे नेलं, आणि कुत्रा त्यांच्या पुढे चालत जाऊन खाटेखाली शिरला. म्हातारे खाटेवर बसले आणि पुढच्या उघड्या दारातून रस्त्याकडे बघू लागले.

मी कपबशी खाली ठेवली.

मी तिथूनच मुलाला कामावर फोन लावला. पलीकडून मागांचा एवढा खडखडाट, की तो बाहेर येईपर्यंत काही कळेना. मी विचारलं, तुम्ही कारखान्यात एकमेकांना बोलावता कसं? "हातानं की!" तो ओरडला. "हितं कुणाला काय ऐकू येतंय? आमच्या घरच्या मागाखालीच वाढलंय ते कुत्रं. सगळे हातानंच बोलवायचो." आणि परवा अंगणात? "परवा तोंडानंच बोलावलो की मी." मग स्वतःच म्हणाला, "हातबी हलला असंल, मास्तर. सवय हाय. लक्षात राहत न्हाय."

मला हसावं की रडावं कळेना. जो कुत्रा जन्मापासून हात वाचत होता, त्याच्यासमोर मी तीन दिवस हात लपवून उभा होतो. आणि ज्या बाईकडून त्यानं शिकावं अशी माझी खटपट चालली होती, तिचे हात विडीतून सुटतच नव्हते.

मी तिला म्हणालो, "ताई, एकदा सूप खाली ठेवा."

"एका कुत्र्यापायी हात थांबवू व्हय?"

"एकदाच."

तिनं कुरकुरत सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि मी दाखवलं तसा हात उचलला. बोटं दोनदा स्वतःकडे मिटली. कुत्रा खाटेखालून निघाला आणि तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. ती लहान मुलीसारखी हसली.

पण त्याच्या मागोमाग म्हातारेही उठले होते.

ते गुडघ्यावर हात देत, अंगण ओलांडून तिच्यासमोर आले. तेलुगूत काहीतरी विचारलं. आवाज वापरात नसल्यासारखा, फाटका. मला तेवढी तेलुगू येत नाही, पण चेहऱ्यावर प्रश्न सरळ दिसत होता: मला बोलावलंस? ती माझ्याकडे बघू लागली, मी तिच्याकडे. तिचा हात अजून वरच होता. तिनं तो हळूच तोंडाजवळ नेला, घास घेतल्यासारखा. जेवणाची वेळ व्हायला बराच अवकाश होता. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

"रुसले न्हवते का मग हे?" ती मला विचारत होती. मी कुत्र्यांचा मास्तर.

तिनं ताट वाढलं, कालची कडक भाकरी आणि आमटी. ते जेवायला बसले, कुत्रा त्यांच्या गुडघ्याशी. मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना. तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. टेंभुर्णीचा टेम्पो. कुत्र्यानं कान फिरवले आणि दाराकडे गेला. म्हातारे आमटीत भाकरी चुरत होते.

सून उठली आणि रस्त्याकडच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. मला पाठमोरी दिसत होती. तिनं तोंडानं काही सांगितलं नाही. नुसता हात वर करून पंजा डावी-उजवीकडे हलवला. टेम्पोवाल्याला ते कळायला कारखान्यात वाढावं लागत नाही. त्यानं गाडी मागे घेतली.

ती परत आली तेव्हा म्हातारे मान वर करून बघत होते. ती उठून गेलेली, कुत्रा दाराशी गेलेला, एवढं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी भाकरीचा हात तसाच ठेवून डावा पंजा तिच्यापुढे उलटा-सुलटा केला. कोण आलं होतं?

तिनं दोन्ही मोकळे हात त्यांच्यापुढे पसरले. कुणी नाही.