हवालदाराचं ‘हं’

हवालदाराला स्वतःचं नाव असं उरलंच नव्हतं. ठाण्यात काय, बाजारात काय, सगळीकडे तो ‘बाईसाहेबांचा हवालदार’. बाईसाहेब म्हणजे श्वानपथकातली त्याची कुत्री. काळ्या पाठीची, तांबूस पायांची, एक कान कायमचा कललेला. कुठे चोरी झाली की लोक म्हणायचे, "बाईसाहेबांना बोलवा." मग जीपमधून बाईसाहेब उतरायच्या आणि त्यांच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला हवालदार उतरायचा. याचा त्याला कमीपणा वाटायचा म्हणता? छे हो! छाती फुगायची त्याची. "माणूस खोटं बोलेल, नाक बोलायचं नाही," हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याची लेक ते त्याच्या आधीच पुरं करायची.

काम तसं साधं. चोराच्या वस्तूचा वास द्यायचा, संशयितांना ओळीत उभं करायचं आणि पट्टा सैल सोडून ओळीपुढून चालायचं. ज्याचा वास जुळेल त्याच्यासमोर बाईसाहेब बसायच्या. भुंकणं नाही, अंगावर जाणं नाही. नुसतं बसायचं आणि मान वर करून हवालदाराकडे बघायचं. मग हवालदाराच्या खिशातून रबरी चेंडू निघायचा. त्या चेंडूसाठी बाईसाहेबांनी जीव टाकला असता.

अशात क्लबातला चांदीचा करंडक गेला. कपाट फोडलेलं, आणि कपाटामागे कुणाचा तरी रुमाल पडलेला. क्लबातले सगळे नोकर ओळखपरेडला बोलावले, आणि त्या नोकरांत हवालदाराचा मेव्हणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. टेनिसच्या मैदानावर रोलर फिरवायचा, जाळी बांधायचा-सोडायचा. त्याआधी छापखाना झाला होता, दूध घालणं झालं होतं, बसगाड्या धुणं झालं होतं, आणि दर ठिकाणी मालकाशी भांडून गडी हसत हसत घरी. बोलायला गोड, खर्चाला सैल. हवालदाराच्या डोळ्यांत तो लग्नापासून सलत होता. "या खेपेला टिकणार बघा, भावोजी," असं तो दरवेळी म्हणायचा आणि हवालदार दरवेळी एकच उत्तर द्यायचा, "हं."

हे ‘हं’ साधंसुधं नव्हतं बरं का. घशाच्या तळातून यायचं, हळू, आणि शेवटी जरा वर चढायचं. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण काय केलंय ते याला आधीपासून माहीत आहे.

परेडीच्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, "तुमचा नातलग आहे ओळीत. दुसऱ्या कुणाला बोलावू का?" हवालदार ताठ उभा राहिला. म्हणाला, "कामात नातं नसतं, साहेब." बाईसाहेबांनी रुमाल हुंगला, ओळीपुढून निघाल्या, मेव्हण्यापाशी थांबल्या आणि बसल्या. करंडकाच्या खोलीची एक किल्लीही त्याच्याकडेच असायची. झालं! आणखी काय हवं होतं?

मेव्हण्याला नेताना तो एवढंच म्हणाला, "भावोजी, जरा नीट बघा ना." भावोजी तेव्हा बाईसाहेबांना चेंडू देत होते.

काय कौतुक झालं हवालदाराचं! ‘सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही,’ म्हणून पेपरात फोटो आला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घरी मात्र बायकोनं त्याच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे बोलायची, पण बाईसाहेबांशी. "बाईसाहेब, सांगा त्यांना, ताट वाढलंय." "बाईसाहेब, विचारा त्यांना, माझ्या भावाला डबा नेऊ देतात का कोठडीत." हवालदार मनात म्हणायचा, चालायचंच. खऱ्याची किंमत मोजावीच लागते. असा फुगला होता बघा तो!

एका रविवारी तो ओट्याशी उभा राहून बूट पॉलिश करत होता. लेक दारातून म्हणाली, "बाबा, अभ्यास झाला. मैत्रिणीकडे जाते."

"हं," हवालदार म्हणाला.

कोपऱ्यात पाणी पीत असलेल्या बाईसाहेब भांडं सोडून उठल्या, लेकीसमोर गेल्या आणि बसल्या. पाठ ताठ, मान वर, नजर हवालदारावर.

लेक खो खो हसली. "बघा! झाले मी चोर!"

"हे काय?" हवालदारानं विचारलं.

"काय म्हणजे? नेहमीचंच. तुम्ही ज्याला ‘हं’ करता, त्याच्यासमोर बसते ती. त्या दिवशी दूधवाल्यासमोर बसली नव्हती का? आई, तुला माहितीय ना?"

आई आतून म्हणाली, "सगळ्या घराला माहीत आहे." आणि मग तिचंच बोलणं तिला ऐकू आल्यासारखी ती बाहेर आली. हात ओले. नवऱ्याकडे तिनं बघितलं, कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती.

हवालदाराच्या हातातला बूट खाली पडला. परेडीत मेव्हण्याचा हसरा चेहरा समोर आल्यावर आपण काय केलं, ते त्याला लख्ख आठवलं. मनात आलं होतं, आता कळलं चोर कोण ते. आणि घशातून ते निघालं होतं. ओळीत दुसऱ्या कुणासमोर निघालं नव्हतं.

तरी माणूस हट्टी. बाईसाहेबांना घेऊन तो ठाण्याच्या मैदानावर गेला. पत्र्याचे डबे ओळीनं मांडले, पहिल्यात स्वतःचा मोजा टाकला, बाकीचे रिकामे. मोज्याचा वास दिला. बाईसाहेब पहिल्या डब्यापाशी बसायला वाकल्या, तोच त्यानं त्यांना पुढे चालवलं आणि रिकाम्या डब्यापाशी हळूच म्हणाला, "हं." बाईसाहेब बसल्या. शेपूट जमिनीवर आपटत चेंडूची वाट बघू लागल्या. हवालदारानं डोकं धरलं. त्याला बाईसाहेबांकडे बघवेना. ही बिचारी आयुष्यभर चोर शोधत होती आणि मधूनच आपण तिला आपला संशय हुंगायला लावत होतो. किती जणांच्या बाबतीत? डबे तिथेच टाकून तो थेट साहेबांकडे निघाला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे रेलली. "काय हवालदार, बहीण-भावाच्या रडारडीला विरघळलात ना? शेवटी मेव्हणाच!"

"साहेब, मेव्हणा आहे म्हणून नाही..."

"लोक तेच म्हणणार. तुमचं नाव झालंय, माझं झालंय. कशाला नसती उठाठेव?"

घ्या! ज्या गोष्टीसाठी पाठ थोपटून घेतली, तीच आता गळ्यात पडली. परका माणूस असता तर निदान कुणी ऐकून तरी घेतलं असतं. हवालदार मागे हटला नाही. मग म्हणाला, "साहेब, एकदा मैदानावर या. नुसते शिपायांच्या ओळीत उभे राहा. मग तुम्ही म्हणाल तसं."

साहेब आले, बहुतेक त्याची जिरवायलाच. सगळं ठाणं गोळा झालं. बाईसाहेबांना तोच रुमाल हुंगवला. हवालदार ओळीपुढून चालला. त्याची मान लाजेनं इतकी खाली गेली होती की त्याला फक्त बूट दिसत होते. साहेबांचे बूट आले, आणि त्यानं ते काढलं, घशाच्या तळातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हं."

बाईसाहेब साहेबांसमोर बसल्या.

कुणी हसलं नाही. साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी परेड नव्यानं झाली. पट्टा दुसऱ्या गावच्या एका शिपाईबाईच्या हातात दिला. ती यातल्या कुणालाही ओळखत नव्हती. हवालदाराला भिंतीमागे उभं केलं. फटीतून त्याला दिसत होतं. बाईसाहेब मेव्हण्यापुढून गेल्या, स्वयंपाक्यापुढून, माळ्यापुढून गेल्या. ओळ संपली. मग त्या वळून उभ्या राहिल्या आणि कान टवकारून इकडेतिकडे बघू लागल्या. हवालदाराला कळलं, त्या काय शोधत होत्या. त्यानं दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले. बाईसाहेब कुणासमोरही बसल्या नाहीत.

मग त्या दिवसांत क्लबात आणखी कोण येऊन गेलं याची चौकशी झाली, आणि रुमाल निघाला रंगाऱ्याचा. क्लबाचं रंगकाम आटपून तो परेडीच्या आधीच निघून गेला होता, त्यामुळे ओळीत उभा राहायचा प्रश्नच आला नव्हता. करंडक त्याच्या पेटीत ब्रशांखाली मिळाला. बाईसाहेबांना कामावरून उतरवलं. हवालदाराची जुनी प्रकरणं पुन्हा तपासायचं ठरलं आणि ठाण्याच्या दारातून आत जाताना तो आता कडेकडेनं जायचा.

मेव्हणा सुटून बहिणीकडे आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, पण हसू तेच. हवालदार त्याच्यासमोर उभा राहिला. काय काय बोलायचं ते त्यानं घोकून ठेवलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं. शेवटी तो सरळ मेव्हण्याच्या पायांशी वाकायला लागला.

"अहो, हे काय! भावोजी, मोठे आहात तुम्ही." मेव्हण्यानं त्याला दंडाला धरून उठवलं. "खरं सांगू? बाईसाहेब बसल्या ना, तेव्हा मला वाटलं, मीच नेला असेल. झोपेत वगैरे. म्हटलं, भावोजी काही खोटं करायचे नाहीत."

हवालदाराच्या डोळ्यांना धार लागली. बायकोनं पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाली, "बसा आता दोघं." कितीतरी दिवसांनी ती नवऱ्याशी सरळ बोलली होती.

बसले. लेक मामाला चिकटून बसली. बाईसाहेब दारात पंजांवर हनुवटी टेकून पडल्या होत्या, नजर नेहमीसारखी हवालदारावर. मेव्हणा पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "क्लब सोडला मी. एका लाकडाच्या वखारीत बोलणं झालंय. मोजणीचं काम आहे. या खेपेला टिकणार बघा, भावोजी."

घशाच्या तळाशी ते आलं. हवालदारानं दात आवळले, ओठ मिटले आणि ते गिळून टाकलं. आवाज म्हणून निघाला नाही. त्यानं मान हलवली, हसायचाही प्रयत्न केला.

दारात बाईसाहेब उठल्या. खोली ओलांडून आल्या आणि मेव्हण्यासमोर बसल्या.

 लेकीनं मान फिरवली. मेव्हण्याचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यानं हात पुढे करून बाईसाहेबांचा कललेला कान कुरवाळला.

"असू दे," तो म्हणाला. "हिचा काय दोष?"