मनिलाचं आंबट सार

जळगावच्या बाजारात एक भाजीवाला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तरुणपणी तो आगबोटीवर स्वयंपाकी होता. पिशवीत टाकण्याआधी प्रत्येक कोवळी चिंच तो नखानं टोचायचा, हुंगायचा आणि एक डोळा मिटायचा.

एका हिवाळ्यात तापातून उठलेल्या माझ्या बायकोच्या तोंडाची चव गेली होती. एरवी माझ्या चहातही खोट काढणारी ही बाई, काहीही पुढे केलं की "छान आहे" म्हणायची आणि ताट सरकवायची. माझी घाबरगुंडी उडाली.

भाजीवाल्यानं फिलिपिन्सच्या मनिला बंदरात शिकलेलं सार सांगितलं. कोवळ्या चिंचा उकडून कोळायच्या, त्यात टोमॅटो, मुळा आणि चवळीच्या शेंगा शिजवायच्या. "बठ्ठं ताजं शे, भाऊ," सगळ्या भाजीवरून हात फिरवत तो म्हणाला, "मसाला नको."

पण मी पडलो खानदेशी. हात आपोआप काळ्या मसाल्याच्या डब्यात गेला, तोही दोनदा. बायकोनं घोटभर सार घेतलं. "छान आहे."

मनिलाच्या नावानं खडे फोडत मी बाजार गाठला. भाजीवाल्यानं माझी मसाल्यानं रंगलेली बोटं पाहिली. "आजारी मानूसले आपली चव नका वाढू, भाऊ. तेनी चव परत येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मसाल्याचा डबा शेजारी ठेवायला देऊन मी पुन्हा सार केलं. बायकोनं घोट घेतला, एक डोळा गच्च मिटला आणि ती कडाडली, "अहो, मीठ कुठंय यात?"

मी तसाच बाजारात पळालो. ऐकून भाजीवाला खुदकन हसला.

"मंग वहिनी बऱ्या व्हयन्यात. जा, आते मीठ टाका."