डॉक्टरबाईंच्या जीपची मागची बाजू

"मिस्त्री, अजून दोन बोटं वर घ्या," जीपचा ड्रायव्हर करीम म्हणाला.

मी गाडीखाली उताणा पडलो होतो. सकाळपासून तेच चाललं होतं. "तू ये खाली झोपाले, मंग सांग," मी म्हणालो.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातल्या बऱ्याच जीप वऱ्हाडात आल्या. ही त्यातलीच. जळगाव जामोदला एक खासगी दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर कमलबाई या जीपमध्ये मागे स्ट्रेचर टाकून सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पेशंट आणत. बहुतेक अडलेल्या बाया. वाटेत एक नाला होता. त्यातून वर चढताना गाडीचं मागचं टोक गोट्यांत रुतायचं. नुकतीच गाडी तिथे अडकली आणि पेशंटला खाटेवर घालून पुढे न्यावं लागलं. बाई वाचली. मूल नाही वाचलं.

म्हणून गाडी नांदुऱ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये आली. मागून उंच करायची, एवढंच काम.

जीपच्या मागे दोन बाजूंना दोन कमानी असतात. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. ओझं तेच पेलतात, धक्केही तेच खातात. पाटे थकले की गाडी बसते.

वर्कशॉपच्या मालकांना घाई होती. "शॅकल लांब लाव अन् दे गाडी," ते म्हणाले. कमानीचं टोक ज्या कडीत झुलतं ती शॅकल. ती लांब केली की गाडी उचलते खरी, पण बाजूला डुलायला लागते.

"तिकडची वाट आडव्या उताराची हाय. उलटली तं?"

"काऊन उलटते? हळू चालवन तो."

करीमचं वेगळंच. या जीपची कमान अॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, खालून जाते. ती वरून बांधली की गाडी चार-पाच इंच उचलते. कुणा शिकाऱ्याच्या गाडीला त्याने ते पाहिलं होतं. ऐट मोठी. पण मग इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा दांडा तिरका होतो आणि त्याचे सांधे झिजतात. जंगलात सांधा तुटला तर पेशंटसकट मुक्काम. मी नाही म्हणालो. करीम रुसला.

शेवटी मी प्रत्येक कमानीत एक जाड पाटा वाढवला. मागे गव्हाची पोती टाकली तरी गाडी बसेना. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना घेऊन नाल्यावर गेलो. पोत्यांसकट गाडी एका दमात वर आली.

"आता पोती उतरवा," बाई म्हणाल्या. "मी झोपते."

"तुम्ही?"

"पेशंट बसून येत नाही, मिस्त्री."

पदर खोचून त्या स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. करीमने अगदी जपून नेली. तरी प्रत्येक गोट्याला त्या वर उडत होत्या. नाल्यापलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी धडधाकट आहे, तरी मला सोसवलं नाही. तो पाटा काढा."

मी वैतागलो होतो. "बाई, मऊ ठेवली की टेकते, कडक केली की उडते. दोन्ही कसं जमावं?"

"मला ते कळत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले." त्याही थकलेल्या होत्या.

मी तिथेच एका दगडावर बसलो. गाडीची पाठ समोर होती. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यावर टिनाचं छत, मागे लटकवलेलं जादा चाक, पाण्याचा ड्रम, हत्यारांची पेटी. सगळं मागच्या टोकाला. इतका वेळ आम्ही काय घालायचं यावरच भांडत होतो. काय काढायचं हे कुणी विचारलंच नव्हतं.

परत येऊन टिन आणि चौकट काढली. बांबूच्या कमट्यांवर कॅनव्हास ताणलं. जादा चाक बॉनेटवर गेलं, ड्रम आणि पेटी पुढच्या सीटमागे. जाड पाटा काढला. जुने पाटे सोडवून त्यांना पुन्हा बाक दिला. तो थंड लोखंडावरच द्यावा लागतो. भट्टीत घातलं की पाणी देऊन कडक केलेलं पोलादही मऊ पडतं. करीमने आणि मी आळीपाळीने घण मारला. खांदे गळून गेले.

गाडी उठली ती जेमतेम दीड इंच.

"एवढ्यासाठी एवढी मरमर?" मालक म्हणाले. मी करीमला गाडी बाहेर काढायला सांगितली.

नाल्याशी बाई पुन्हा स्ट्रेचरवर झोपल्या. गाडी नाल्यात उतरली, वर चढली. फक्त एका गोट्याला टोक घासलं. करीमने उतरून वर्कशॉपमधून आणलेल्या पहारीने तो गोटाच उपटून फेकला.

"हे आधी काऊन नाही केलं बे?" मी म्हणालो.

"आधी पहार कुठी होती गाडीत?"

बाई उठून बसल्या. "चालेल," म्हणाल्या.

काही दिवसांनी करीम पेट्रोल भरायला नांदुऱ्याला आला, तेव्हा वर्कशॉपमध्ये डोकावला.

"एक बाई आणली, मिस्त्री. नाला पार झाला अन् वाटेतच पोरगी झाली. डॉक्टरबाईनं गाडी थांबोली, झाडाखाली सारं केलं. दोघी बऱ्या हायेत."

"अन् कमानी? बसल्या तं नाही?"

"त्या वक्ती कमानी कोन पाह्यते?"

पुढे बरेच जीपवाले गाडी उंच करून मागायला आले. मी आधी म्हणायचो, मागचं सामान उतरवा, मग बघू. निम्म्या गाड्या तेवढ्यानेच वर यायच्या. मालक म्हणायचे, याने गिऱ्हाईक तुटतं. तुटायचंही. उंच गाडी पाहिजे असलेला माणूस सामान कमी करायला सहसा तयार होत नाही.