जांभळाची फळी

सासरी येऊन दुसरा महिना लागला आणि मी साऱ्या गावासमोर बोंब ठोकली. घागर घेऊन नदीवर गेले होते. बघते तर काय, छातीएवढ्या पाण्यात दहा-बारा बाप्ये उभे, आणि चांगल्या धडधाकट होडीत धोंडे भरतायत! होडी भरत आली, कलली आणि बुडबुडे सोडत खाली गेली. आणि ह्या सगळ्यांत पुढे कोण, तर माझे सासरे. मी घागर टाकून ओरडले, "आवं धावा, होडी बुडवली!"

बाप्ये हसायला लागले ते थांबेचनात. मामंजी तेवढे हसले नाहीत. काठावर येऊन म्हणाले, "पोरी, लाकूड हाय ते. उन्हात ठिवलं तर फळ्या आकसत्यात, फटी पडत्यात. म्हनून उन्हाळाभर डोहात निजवायची. नदीला पानी आलं की उठवायची." मी मान हलवली, पण मनात म्हटलं, कुठल्या वेड्यांच्या गावात पडले मी!

माझं माहेर पार पूर्वेला, जतच्या पलीकडं. बा मेंढरं राखायचा. आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायचं तर तांब्या पाऊणच भरायचा, आणि बा तोंड धुवायचा तो भाजीच्या वाफ्यावर वाकून. सासरचे आमच्यातलेच, पण तीन पिढ्यांमागे मेंढरं सोडून सांगलीच्या अंगाला कृष्णाकाठी ऊस करायला बसलेले. घरात आम्ही दोघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या आणि नवरा फौजेत, वर्षातून एकदा यायचा. नदी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. एवढं पाणी एका जागी, झाकणाशिवाय, राखणीशिवाय पडलेलं असतं, ह्याचंच मला पहिले कितीतरी दिवस नवल वाटायचं.

गावात होडी क्लब होता. क्लब म्हणजे देवळामागची पडवी, भिंतीला टेकलेली वल्ही, खुंटीला हलगी, आणि फौजेतून निवृत्त होऊन आलेले एक हवालदार. श्रावणात नदी फुगली की पाच गावांच्या होड्यांच्या शर्यती लागायच्या. हवालदार शिट्टी फुंकून वल्ही मारणाऱ्या अठरा जणांना झोडून काढायचे. मामंजी मागं उभं राहून सुकाणू धरायचे. बाकी गाव काही ना काही करायचंच. कुणी डांबर उकळायचं, कुणी फटीत भरायचा काथ्या वळायचं, कुणी अठरा जणांना भाकरी पोचवायचं. बोलवावं कुणालाच लागायचं नाही.

होडी बांधली तेव्हा सोळा घरांनी एकेक फळी दिली होती, ज्याच्या बांधावर जे झाड होतं त्याची. आमची फळी जांभळाची. डाव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली. मामंजी ती मला दाखवायचे तेव्हा घरातलं माणूस दाखवावं तसं दाखवायचे.

मी सासरी आले तेच साल बहात्तरचं निघालं. पावसाळा आला तसा गेला, नदी उठलीच नाही. शर्यती नाहीत की काही नाही. होडी डोहात होती तिथंच राहिली आणि वरचं पाणी दिवसादिवसानं उतरत गेलं. माघात होडीचं नाक उघडं पडलं, शिमग्याला सगळी होडी उघडी. ओढून न्यावी तर खाली गाळ वाळून दगड झालेला, ओढली असती तर तिथंच मोडली असती. गावच्या विहिरींनी तळ गाठला. नदीच्या वाळूत खड्डा खणला होता, झिरा म्हणायचे त्याला. त्यात पाझरून येईल ते वाटीनं भरायचं. घरटी दिवसाला तीन घागरी.

आणि काय सांगू, पंचांनी ठरवलं, तीनातली एक घागर होडीची! ज्याच्या त्याच्या फळीवर ज्याचं त्याचं पोतं टाकायचं आणि रोज सकाळी ते भिजवायचं. माझं डोकंच फिरलं. प्यायला नाही आणि लाकडाला पाजताय? पण बायका येत होत्या. ओठ फुटलेल्या, कडेवर पोरं, डोक्यावर घागर. पोत्यावर पाणी घालायच्या, हातानं दाबून बसवायच्या आणि घरी जायच्या. एकीनंही कुरकुर केली नाही. तिकडे वाळूत हवालदारांची शिट्टी चालूच. अठरा जण ओळीनं बसून हवेत वल्ही मारायचे. आधी मला हसू यायचं. मग एक दिवस हसू आलंच नाही, नुसतीच बघत राहिले. पाण्यावर असला विश्वास मी माहेरी कुणाचाही बघितला नव्हता.

चैत्र संपता संपता बा आला. मेंढरं घेऊन, नदीच्या पलीकडच्या काठाला, बाभळीखाली मेंढरांभोवती जाळी ठोकून बसला. निम्मी मेंढरं वाटेतच गेलेली. उरलेल्यांत माझी एक होती, कानावर काळा ठिपका असलेली. तिची आई मेली तेव्हा मी वातीनं दूध पाजून तिला जगवली होती. आता ती गाभण होती. झिऱ्यातलं पाणी गावच्या घरांनाच, असा नियम. बाला मेंढरं दोन कोस लांबच्या खाणीवर न्यावी लागायची, आणि तिला तर उठवत नव्हतं.

मी तणतणत मामंजींकडे गेले. "लाकडाला पानी पाजताय, आन जित्या जनावराला न्हाई व्हय?"

सुनेनं असं बोललेलं दुसऱ्या कुणी ऐकून घेतलं नसतं. मामंजी म्हणाले, "पोरी, महापुरात सारं गाव ह्याच लाकडात बसतं. बाळंतीन ह्यातनंच जाती आन डाक्टर ह्यातनंच येतो. आन तुझ्या बाला मी दोनदा म्हनलं, आमच्या पिन्याच्या घागरीतलं न्या. न्हाई म्हनतो. लेकीच्या घरचं पानी चालत न्हाई त्याला."

ते खरंच होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आमच्याकडं ही रीत, आणि बा रीतीचा पक्का. पण मी म्हटलं, मेंढराला कसली आलीय रीत?

दुसऱ्या दिवसापासून मी होडीची घागर पलीकडे नेऊ लागले. दिवस उगवायच्या आत निघायचं, होडीला वळसा घालून कोरडी नदी ओलांडायची. पहिल्या दिवशी बाला म्हटलं, "बा, हे घरातलं न्हाई, आमच्या होडीच्या फळीचं हाय. तिला पाज." त्यानं घागरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. वाटलं, आता शिव्या घालतो. पण तो एवढंच म्हणाला, "ठिव तितं. जा लौकर, लोकं बघतील." तहानेनं बाचा हट्ट मोडला असं वाटून मला लय वाईट वाटलं. रोज भरलेली घागर ठेवायची, कालची रिकामी उचलायची. असे अठरा दिवस. तेवढे दिवस मी होडीकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

एकोणिसाव्या दिवशी बाची जाळी गुंडाळलेली. खाली कर्नाटकाकडं कुठं चारा आहे म्हणत होता. मी कळपातून डोळे फिरवले. काळा ठिपका दिसेना. "रातीच गेली," बा म्हणाला, "तिचं तेवढंच हुतं." मी तिथंच वाळूत बसून रडले. एक घागर कमी पडली, दोन द्यायला हव्या होत्या, असं म्हणत त्या होडीला मी नाही नाही ते बोलले. बानं काठी उचलली आणि चालू लागला.

पुढच्या पावसाळ्यात, आषाढात, नदी आली. नदी आली म्हणजे काय, ते मी तेव्हा बघितलं. लाल, रुंद, घाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळत, अख्खी झाडं मुळांसकट वाहून आणत. मी दिवसभर घाटावर बसून राहिले. भीती वाटत होती आणि उठवतही नव्हतं. हात जोडावेत की पळून जावं, हे कळत नव्हतं. आपल्या बाला हे दाखवायला पाहिजे, एवढं मात्र सारखं वाटत होतं.

पहिल्या सरींनी गाळ मऊ झाला तेव्हाच, पूर यायच्या आधी, साऱ्या गावानं होडी उचलून वर आणली होती. काथ्या ठोकला, डांबर फासलं. मी तिकडे फिरकले नाही. अठरा दिवस वैशाखाचं ऊन खाल्लेली फळी. डांबराखाली काय दिसणार? रात्री डोळा लागेना. ती फळी भर पुरात फुटली तर? गावातले अठरा गडी, आणि मागं उभे मामंजी, त्यांना तर आता धड पोहताही येत नव्हतं. आणि कारण मी.

पहिल्या शर्यतीच्या सकाळी मामंजी होडीपुढं नारळ फोडत होते. मी सगळ्यांच्या देखत जवळ गेले. "मामंजी, आपल्या फळीचं सांगायचंय."

"आपली फळी मी बघितलीया," ते म्हणाले. "जा, घाटावर जागा धर." आणि चढले की होडीत!

पाच होड्या वरच्या वळणावर लहानशा दिसत होत्या. बार उडाला. दोन्ही काठांवर माणूसच माणूस, हलग्या कडाडतायत, आणि त्या लाल पाण्यावरून आमची होडी आली. अठरा वल्ही एकदम वर, एकदम खाली. वाळूत बसून हवेत मारलेलं ते एकेक वल्हं मला आता पाण्यात दिसत होतं. पाण्यावर पाय न टेकता धावणारं काहीतरी माणसानं करावं, आणि ते सोळा बांधांवरच्या सोळा झाडांचं असावं! मी फळीसुद्धा विसरले.

तेवढ्यात डाव्या अंगाच्या एका गड्यानं वल्हं सोडलं आणि तो खाली वाकला. आमच्या फळीपाशीच. आलं पाणी. मी किंचाळले, "थांबवा! आवं थांबवा त्यांना!" कोण ऐकतंय? मी पाण्याकडं धावले, गुडघाभर आत गेले, तिथं बायकांनी मला धरलं. गडी वर उठला. त्याच्या हातात दुसरं वल्हं होतं. पहिलं मोडलं होतं, एवढंच.

आमची होडी दुसरी आली. हवालदारांनी शिट्टी जमिनीवर आपटली. मी मात्र वेड्यासारखी हसत-रडत होते आणि लोक माझ्याकडं बघत होते.

होडी काठाला लागली तशी मी आत चढले. शर्यतीच्या दिवशी बायका होडीत चढत नाहीत, पण त्या घडीला कोण आठवतंय? वाकून जांभळाच्या फळीवर तळवा फिरवला. आतून खडखडीत कोरडी. बोट घालायला फट नाही, नख शिरायला नाही. मी मामंजींपुढं सगळं ओकले. अठरा घागरी, मेंढी, सगळं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी सापडला तुझा बा. फाटेचं आलो तर आपल्या फळीवरचं पोतं भिजवत बसलेला, वंजळीवंजळीनं. एक थेंब वाळूत सांडला न्हाई त्यानं. मी म्हनलं, पावणं, तुमची मेंढरं तडफडत्यात, त्यास्नी घाला की. तर म्हनला, लेकीच्या घरचं पानी हाय, लेकीच्या घरालाच लागू दे. नातवंड हुईपातूर ते माझं न्हाई, माझ्या मेंढराचं बी न्हाई."

"मग मला का सांगितलं न्हाई?"

"सांगू नका म्हनला. पोरीला वाटू दे, आपन बापाचं काय तरी केलं."

अठरा दिवस ती मेंढी त्याच्या डोळ्यांसमोर मरत होती आणि शेजारी भरलेली घागर होती. मी वाढवलेली मेंढी मरू दिली म्हणून मला त्याचा संताप आला. मग मामंजींसमोर मी त्याच फळीवर डोकं टेकलं.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. श्रावणात शर्यतीच्या दिवशी बा आला, पाच-सहा दिवस चालून. घाटावर बसला आणि पुराकडं तोंड उघडं टाकून बघत राहिला. एवढं पाणी त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. मी नात त्याच्या मांडीवर दिली आणि तांब्या भरून आणला. पाऊण नाही, काठोकाठ. बानं आधी पोरीच्या तोंडाकडं बघितलं, मग तांब्याकडं. मग वर धरून घटाघटा प्याला. पाणी दाढीवरून, सदऱ्यावरून ओघळलं तरी त्यानं पुसलं नाही.

रिकामा तांब्या माझ्यापुढं धरून म्हणाला, "आनखी हाय का गं?"